साहेबासारखं व्हायचं, पण किती? वसाहतोत्तर कादंबरीतली नक्कल आणि ओळख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परक्या सत्तेखाली वाढलेली माणसं सत्ताधाऱ्यासारखं बोलायला, जेवायला, नटायला लागतात तेव्हा त्यांच्या स्वतःच्या असण्याचं काय होतं? आशिया, आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांवरच्या कादंबरीकारांनी हा प्रश्न गेली साठ-सत्तर वर्षं लावून धरला आहे. त्यांच्या कादंबऱ्या वाचताना आणि त्यांच्यावर वाद घालताना जे प्रश्न हमखास निघतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरांत माझी मतं आहेत. मुख्य मत आधीच सांगून टाकते: यातला खरा कोण आणि नकली कोण, हे तपासत बसण्यापेक्षा या नकलेची किंमत घरातल्या कुणी मोजली, हे विचारलं तर या कादंबऱ्या कितीतरी जास्त बोलतात.

"वसाहतोत्तर" म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यानंतरचं, एवढंच का?

नाही. परकी सत्ता आली तिथून पुढचं, तिच्याशी झटापट करणारं सगळं लेखन यात धरतात. फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य असतानाच, १८८७ साली, होसे रिसाल यांची 'नोली मे तांगेरे' प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या दोन्या व्हिक्टोरिना तिथल्याच मातीतल्या, पण तोरा अस्सल स्पॅनिश बाईचा. चेहऱ्यावर रंगाचे थर, आणि नवऱ्याच्या आडनावात एक 'दे' असताना त्याच्यामागे आणखी एक जोडलेला, कारण 'दे' म्हणजे खानदान. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत ही बाई वेगवेगळ्या नावांनी, कधी पुरुष होऊनही, कितीतरी कादंबऱ्यांत भेटत राहते.

मराठीने इथे आपल्याला एक देणगी दिली आहे. 'उत्तर' म्हणजे नंतरचं, आणि 'उत्तर' म्हणजे जबाबही. वसाहतीला दिलेला जबाब, असं वाचलं तर हा शब्द जास्त नेमका वाटतो.

नक्कल, अनुकरण, सोंग, मिमिक्री: यातला कोणता शब्द वापरायचा?

समीक्षेत 'अनुकरण' रुळला आहे. मला 'नक्कल' जवळचा वाटतो, कारण त्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कचेरीतून मिळते ती दस्तऐवजाची नक्कल: तिच्यावर शिक्का असतो, तरी ती मूळ कागद कधीच होत नाही. मोठ्या माणसाच्या चालण्याबोलण्याची करतात ती नक्कल: तिला लोक हसतात. आणि नाटकवाल्यांची नक्कल: दुसऱ्याने लिहून हातात दिलेली, आपण पाठ करायची वाक्यं. वसाहतीतल्या माणसाच्या वाट्याला या तिन्ही एकदम आल्या.

'सोंग' मात्र जपून वापरावा. बहुरूपी सोंग घेऊन दारात येतो, बिदागी घेतो आणि घरी जाऊन तोंड धुतो. या कादंबऱ्यांतल्या माणसांना रंग उतरवायला घर उरत नाही, आणि गोष्ट तिथून सुरू होते.

लोकांनी ही नक्कल हौसेने केली की त्यांच्याकडून करून घेतली?

दोन्ही, आणि एकातून दुसरं वेगळं काढणं अवघड आहे.

हिंदुस्थानातल्या शिक्षणाविषयी मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेली २ फेब्रुवारी १८३५ ची टिपणी सगळ्यांना ठाऊक असते. रक्ताने आणि रंगाने हिंदी, पण आवडीनिवडी, मतं, नीती आणि बुद्धी यांत इंग्रज, असा एक वर्ग घडवायचा, हे तिच्यातलं वाक्य. त्याच्या आधी काय आहे ते सहसा वाचलं जात नाही. आपल्या तुटपुंज्या साधनांनी सगळ्या जनतेला शिकवणं शक्य नाही, म्हणून आपण आणि आपली कोट्यवधी रयत यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करील असा वर्ग हवा, असं मेकॉले म्हणतो. म्हणजे हे इंग्रज कामापुरते घडवायचे होते. कामापुरते कुठवर आणि माणूस कुठून पुढे, ही रेघ कुणी आखली नाही, आणि पुढे सगळा गोंधळ तिथेच झाला.

हौसही खोटी नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांसारखा स्वभाषेचा कडवा अभिमानी, 'निबंधमाला' काढणारा माणूस इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणाला. नव्या विद्येने अंगात बळ येतं, हा अनुभव त्या पिढीने खरोखर घेतला होता. त्याला नुसतं लाचारी म्हणणं अन्यायाचं आहे.

पण करून घेण्याची बाजू फार क्रूर आहे. केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांनी 'डिकॉलनायझिंग द माइंड' या १९८६ च्या पुस्तकात आपल्या शाळेविषयी लिहिलं आहे. आवारात गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या, किंवा गळ्यात 'मी मूर्ख आहे', 'मी गाढव आहे' असं लिहिलेली धातूची पट्टी. मला त्यातली पकडण्याची रीत जास्त भयंकर वाटते. एका मुलाला एक बटण द्यायचं. मातृभाषेत बोलताना जो सापडेल त्याच्या हातात त्याने ते सरकवायचं, त्याने पुढच्याच्या. दिवस संपताना ज्याच्याकडे बटण असेल त्याला कुणाकडून आलं ते सांगावं लागे, आणि मग साखळीतली सगळी नावं बाहेर येत. शाळेला हेर नेमायची गरजच पडली नाही, मुलंच एकमेकांची हेर झाली.

आणि साहेब निघून गेल्यावर? अरुंधती रॉय यांच्या 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' (१९९७) मधली मुख्य घटना १९६९ ची आहे. स्वातंत्र्याला दोन दशकं उलटून गेलेली. केरळातल्या त्या घरात बेबी कोचम्मा जुळ्या भावंडांवर कान लावून असते. मल्याळम शब्द कानावर आला की दंड, आणि 'मी नेहमी इंग्रजीतच बोलेन' हे वाक्य शंभर वेळा लिहायचं. आता बटण घरातल्याच म्हातारीच्या हातात आहे.

होमी भाभा नेमकं काय म्हणतात? सोप्या भाषेत सांगता येईल?

येईल. हे भाभा साहित्याचे समीक्षक, अणुशास्त्रज्ञ भाभा वेगळे. यांची वाक्यं वाचून आपल्यालाच काही समजत नाही असं वाटून घेऊ नका. ती अनेकांना अडतात.

१९४९ साली मुंबईत जन्मलेल्या भाभांनी १९८४ मध्ये या विषयावर एक निबंध लिहिला. पुढे १९९४ च्या 'द लोकेशन ऑफ कल्चर' या पुस्तकात तो आला. त्यातला गाभा असा: सत्तेला प्रजा आपल्यासारखी झालेली हवी असते, पण पुरती नको असते. पुरती सारखी झाली तर राज्य करण्याचं कारणच संपलं. म्हणून नेहमी एक बोटभर अंतर राखलं जातं. जवळजवळ तसाच, पण पुरता तसा नाही. इंग्रजीत भाभा याच ओळीत 'क्वाइट' आणि 'व्हाइट' यांचं यमक साधतात. ते मराठीत येत नाही, पण अंतर कशाचं आहे ते त्या यमकातच सांगितलेलं आहे.

हे मला सगळ्यात लख्ख दिसलं ते एका गुंडीत. ई. एम. फॉर्स्टर यांची 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) वसाहतकाळातली, आणि एका इंग्रजाने लिहिलेली. डॉक्टर अझीझ फील्डिंग या इंग्रजाच्या घरी जातो तेव्हा फील्डिंगची कॉलरची गुंडी नेमकी मोडलेली असते. अझीझ, माझ्याकडे जादा आहे असं सांगत, स्वतःच्या कॉलरची मागची गुंडी काढून त्याला देतो. नंतर रॉनी नावाचा तरुण अधिकारी शेरा मारतो: टायपिनपासून बुटांपर्यंत सगळं झोकात, पण मागची गुंडी लावायला विसरला; हिंदी माणूस म्हणजे हे असं. ज्या फटीवर बोट ठेवून रॉनी एका अख्ख्या वंशाचा ढिसाळपणा सिद्ध करतो, ती फट इंग्रजावर केलेल्या उपकारातून पडलेली आहे. रॉनीला ते ठाऊक नाही. वाचकाला ठाऊक आहे.

भाभा याच्या पुढे एक पाऊल टाकतात. नक्कल हास्यास्पद ठरवली तरी सत्तेला तिची धास्ती वाटत राहते. अझीझला साहेबाचा पोशाख शोभत असेल, तर साहेबीपण हे रक्तातून आलेलं नसून अंगावर चढवण्याजोगं काहीतरी आहे, असं उघड होतं. जे चढवता येतं ते उतरवताही येतं.

एक तक्रार मात्र आहे. भाभांच्या मांडणीत अस्वस्थ होते ती सत्ता, तिची भाषा, तिचे दस्तऐवज. नक्कल करणाऱ्या माणसाच्या जिवाची घालमेल तिथे पातळ होते. ती पाहायला कादंबरीकडेच यावं लागतं.

मग फानन आणि भाभा यांच्यात फरक काय?

फ्रांत्स फानन मार्तिनिक बेटावर जन्मलेले, पेशाने मानसोपचारतज्ज्ञ. त्यांचं 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स' १९५२ चं. पहिलंच प्रकरण भाषेवर आहे. फ्रान्सला निघालेला मार्तिनिकचा माणूस 'र' घोळवून म्हणायचा सराव करतो, कारण आपल्या बेटावरची माणसं 'र' खातात असं त्याने ऐकलेलं असतं. बंदरावर उतरून कॅफेत शिरतो, वेटरला हाक मारताना 'र' इतका जोरात घोळवतो की पुढच्या शब्दांसाठी उरतच नाही, आणि ते सगळे 'र' गिळले जातात. फानन हे हसण्यासाठी सांगत नाहीत. त्यांना त्या माणसाच्या तोंडात भीती दिसते. भाभा मजकूर वाचतात, फानन रुग्ण तपासतात, असा माझ्यापुरता मी फरक करते. कादंबरीच्या वाचकाने फानन आधी वाचावेत.

नायपॉल यांची 'द मिमिक मेन' एवढी का गाजली? ती आपल्याच लोकांची टवाळी नाही का?

१९६७ ची ही कादंबरी. कॅरिबियनमधल्या इसाबेला या काल्पनिक बेटावरचा, भारतीय वंशाचा राल्फ सिंग राजकारणातून फेकला गेल्यावर लंडनच्या एका हॉटेलात बसून आठवणी लिहितो. शाळेत असतानाच 'रणजित कृपालसिंग' या नावाची मोडतोड करून तो राल्फ झालेला असतो. त्याची शाळेची पहिली आठवण अशी: आपण बाईंसाठी एक सफरचंद नेलं होतं. पण इसाबेलावर सफरचंदं नव्हतीच. ते संत्रं असलं पाहिजे. तरी स्मृती हट्टाने सफरचंदच दाखवते.

या एका फळासाठी ही कादंबरी वाचावी असं मी म्हणेन. कपडे, उच्चार, काटेचमचे ही वरवरची नक्कल झाली. ती ओळखू येते. इथे पाठ्यपुस्तकाने मुलाच्या हातातलं खरं फळ काढून घेतलं आणि स्वतःचं ठेवलं. आठवणच उसनी असेल तर माणसाने परत जायचं कुठे?

टवाळीचा आरोप मात्र पूर्ण झटकता येत नाही. आम्ही सगळे नकली, नव्या जगातली नक्कल करणारी माणसं, असं राल्फ सिंग म्हणतो तेव्हा त्या 'आम्ही'मधून सुटायला कुणालाच जागा राहत नाही. कष्टकऱ्यांचं, घरातल्या बायकांचं जगणं तिथे फारसं दिसत नाही. सेंट लुशियाचे कवी डेरेक वॉलकॉट यांनी १९७४ मध्ये याला निबंधातून जबाब दिला. संस्कृती की नक्कल, असा प्रश्न घेऊन ते कॅरिबियनमधल्या कार्निव्हल या उत्सवाकडे बोट दाखवतात: कॅलिप्सोची गाणी, स्टीलबँड, तिथली सोंगं. हे सगळं अनुकरणातून सुरू झालं आणि नवनिर्मितीपाशी पोचलं. त्रिनिदादमध्ये तेलाच्या रिकाम्या पिंपांना ठोकून ठोकून सुरांत आणलं, ते वाद्य कुणाची नक्कल म्हणायचं?

मी वॉलकॉटच्या बाजूची. राजहंसाचं चालणं जगात देखणं ठरलं म्हणून इतर कुणी चालूच नये की काय, असं ज्ञानेश्वर विचारतात. वॉलकॉटचा सूर मला नेहमी त्या ओवीजवळचा वाटला आहे. पण सफरचंद विसरता येत नाही, हेही खरं.

घरची माणसंच नक्कल मागतात, असंही घडतं का?

घडतं, आणि चिनुआ अचेबे यांनी ते फार मायेने लिहिलं आहे. 'नो लाँगर ॲट ईझ' १९६० ची. त्याच वर्षी नायजेरिया स्वतंत्र झाला. ओबी ओकोंक्वोला इंग्लंडला पाठवण्यासाठी गावकऱ्यांच्या संघाने आठशे पौंड उभे केले, कर्जाऊ. त्याने कायदा शिकून गावच्या जमिनीचे खटले लढवावेत, ही अपेक्षा. तो इंग्रजी साहित्य शिकून येतो. लागोसमध्ये सत्कार ठरतो. सगळे आग्बाडा, म्हणजे तिथला अंगभर झगा, किंवा सूट घालून आलेले, आणि सत्कारमूर्ती उकडतंय म्हणून नुसत्या शर्टात. ही पहिली चूक. दुसरी त्याहून मोठी: तो साध्या इंग्रजीत बोलतो. लोकांना हवं असतं जाडजूड, तोंड भरून टाकणारं इंग्रजी, समजलं नाही तरी चालेल असं. संघाचे चिटणीस तसंच बोललेले असतात. ओबी खऱ्या इंग्रजासारखा साधा झाला, आणि म्हणूनच लोकांच्या मनातल्या साहेबाच्या चित्रात बसला नाही.

गावाने पोटाला चिमटा काढून त्याच्यावर पैसे लावले आहेत, हे विसरून या प्रसंगाला हसता येत नाही. परतफेड, घरी पाठवायचे पैसे, मोटारीचा विमा, नोकरीला साजेसं राहणं, या सगळ्याखाली ओबी दबत जातो आणि अखेर लाच घेतो. कादंबरी त्याच्या खटल्यापासूनच सुरू होते. तो एवढा शिकलेला तरुण असं का वागला, हे न्यायाधीशाला उमजत नाही. वाचकाला शेवटी हिशेब पाठ झालेला असतो.

या सगळ्यात बायका कुठे आहेत?

हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. माझ्या दृष्टीने सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे.

किरण देसाई यांच्या 'द इन्हेरिटन्स ऑफ लॉस'ला २००६ चा बुकर मिळाला. तिच्यातला जेमुभाई पटेल गुजरातमधल्या एका लहान गावातून केंब्रिजला जातो. तिथे स्वतःच्या रंगाची, उच्चारांची, अंगाच्या वासाची इतकी लाज मनात भरून घेतो की परत येतो तो आयसीएस, म्हणजे इंग्रज सरकारचा बडा अधिकारी होऊन, चेहऱ्यावर पावडर लावून, पोळीसुद्धा काटा-सुरीने खाणारा. इथवर त्याची कीव येते. पण घरी निमी आहे, कोवळ्या वयात लग्न करून दिलेली बायको. कमोडच्या बैठकीवर तिच्या पावलांचे ठसे दिसतात, कारण ती त्यावर उकिडवी बसलेली असते. तो तिचं डोकं धरून भांड्यात दाबतो. इंग्लंडमध्ये त्याला जे जे सोसावं लागलं ते सगळं त्या मुलीच्या अंगावर उतरतं. निमीने साहेब कधी पाहिला नव्हता. साहेबीपणाचा मार मात्र तिने खाल्ला.

झिम्बाब्वेच्या त्सित्सी डांगारेम्बा यांची 'नर्व्हस कंडिशन्स' (१९८८) हाच प्रश्न आतून मांडते. काळ ऱ्होडेशियाचा, म्हणजे त्या देशावर गोऱ्यांचं राज्य असतानाचा. पहिल्याच वाक्यात गोष्ट सांगणारी तांबू म्हणते की भाऊ वारला तेव्हा मला दुःख झालं नाही. धक्का बसतो, पण मग कळत जातं: भाऊ मिशनच्या शाळेत गेला आणि शोना भाषा विसरल्यासारखं करू लागला. आईशी अडखळत, परक्यासारखं बोलायचा, बापाशी मात्र त्याचं जमायचं. तांबू त्याआधी फीसाठी स्वतः मका पिकवून विकायला निघालेली असते. शाळेची जागा तिला भावाच्या मरणानेच मिळते. तिला इंग्रजी शिक्षण नको आहे का? हवंच आहे. चूल, शेत आणि बापाची हुकमत यांतून बाहेर जाणारी वाट तीच आहे. 'परक्यांची नक्कल करू नका' असं तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि तिची चुलत बहीण न्याशा. लहानपणी इंग्लंडमध्ये राहून आलेली. गोऱ्यांचा स्वातंत्र्याचा पाठ तिने फारच मनापासून घेतला, आणि घरात बाबामुकुरूंना, म्हणजे तिच्या वडिलांना, तोच सहन होत नाही. ती खाणं टाकते, खाल्लेलं ओकून काढते, इतिहासाचं पुस्तक दातांनी फाडते. तिला एका गोऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात, तर तो म्हणतो, आफ्रिकी माणसांना हा आजार होतच नाही. मरणाच्या दारात पोचलेल्या मुलीला डॉक्टर सांगतो की तुझं दुखणंही तुझं नाही. भाभांचं ते बोटभर अंतर मला इतकं निर्दय दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

साहेबालाही आपल्याकडून काही नक्कल हवी असते का?

हो, 'अस्सल पूर्वे'ची. सुदानचे तय्यिब सालेह यांनी १९६६ साली अरबीत लिहिलेल्या, इंग्रजीत 'सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ' या नावाने गेलेल्या कादंबरीत मुस्तफा सईद आहे. शाळेत त्याला 'काळा इंग्रज' म्हणत. लंडनमध्ये तो आपली खोली चंदनाने, धुपाने, गालिच्यांनी सजवतो, आणि तिथल्या बायकांना हवं असलेलं वाळवंट त्यांना पुरवतो. मग सगळं उद्ध्वस्त करून नाईलकाठच्या एका गावात येतो, शेती करतो, लग्न करतो. त्याच्यामागे एक कुलूपबंद खोली उघडली जाते: आत इंग्रजी धाटणीची शेकोटी, भिंतभर पुस्तकं, त्यात एकही अरबी पुस्तक नाही. कुराणसुद्धा इंग्रजीत.

लंडनमध्ये पूर्व, पूर्वेत लंडन. या माणसाने दोन्ही ठिकाणी खोलीच बांधली, घर कुठेच नाही.

साहेबाची नक्कल ही नेहमी गुलामगिरीच असते का? जातीचा विचार केला तर?

इथे सरधोपट उत्तर देणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

मुल्कराज आनंद यांच्या 'अनटचेबल' (१९३५) मधला बाखा अठरा वर्षांचा सफाई कामगार. गोऱ्या सोजिरांच्या छावणीत काही दिवस काढलेला. त्यांच्या उतरलेल्या पँटी, पट्ट्या, ओव्हरकोट तो अंगावर चढवतो, आणि याला तो 'फॅशन' म्हणतो. रात्री थंडीने कुडकुडतो, पण जाड रजई घेत नाही. टॉमीसारखं, म्हणजे गोऱ्या सोजिरासारखं, पातळ ब्लँकेटच हवं. वरवर पाहता राल्फ सिंगचाच भाऊ. पण बाखाला त्या छावणीत काय मिळालं होतं? तिथे त्याला माणसासारखं वागवलं गेलं होतं. तोच बाखा बाजारात चुकून एका सवर्णाला शिवतो, शिव्या खातो, थप्पड खातो. आपण येत असल्याची आरोळी द्यायला तो विसरलेला असतो. ओव्हरकोट त्याला वाचवत नाही. पण तो ओव्हरकोट का हवासा वाटला, हे ज्याला कळत नाही त्याने देशी रजईची थोरवी सांगू नये.

डॉ. आंबेडकरांचा सूट याच अंगाने पाहावा लागतो. जातीने कुणी काय नेसायचं, कोणत्या धातूचे दागिने घालायचे, हे ठरवून दिलेलं होतं. १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितलं, अस्पृश्यतेची खूण म्हणून अंगावर वागवावं लागणारं सगळं टाकून द्या, वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या बायका नेसतात तसं लुगडं नेसा. यात कुणासारखं दिसण्याची आस नाही. अंगावर लिहिलेला हुकूम पुसण्याची कृती आहे. मराठीत भालचंद्र नेमाड्यांच्या देशीवादाने इंग्रजीच्या उसनवारीवर मोलाचे प्रश्न उभे केले. ते मला पटतात. तरी 'देशी' म्हणजे कुणाचं, आणि त्या देशी घरात कुणाला उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं, हे विचारल्याशिवाय मी तो शब्द वापरत नाही.

इंग्रजीत लिहिणं हीच मोठी नक्कल नाही का?

१९६२ मध्ये युगांडातल्या माकेरेरे इथे इंग्रजीतून लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली, तेव्हापासून हा वाद पेटता आहे. अचेबेंचं म्हणणं, भाषा हाती आली आहे तर ती वाकवून आपल्या अनुभवाचं ओझं तिला वाहायला लावू. राजा राव यांनी 'कांतापुरा'च्या (१९३८) प्रस्तावनेत तेच सांगितलं होतं: भाषा आपली नाही, आत्मा मात्र आपला पोचवायचा आहे. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट' नाटकातला गुलाम कॅलिबन आठवा. तुम्ही मला भाषा शिकवलीत, आणि माझा लाभ एवढाच की मला शिव्या देता येतात, असं तो मालकाला सुनावतो.

न्गुगींनी दुसरी वाट धरली. गिकुयूत नाटक केलं म्हणून खटला न चालवता तुरुंगात टाकल्यावर त्यांनी १९७८ मध्ये कामिटीच्या तुरुंगात शौचालयाच्या कागदावर गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली. १९८० ला ती छापून आली. मला दोन्ही लेखक हवे आहेत. पण एक फरक नजरेआड करू नये. न्गुगींची कादंबरी घरात मोठ्याने वाचली गेली, तर लेखकाच्या आईलाही ती समजू शकते.

मग 'अस्सल' असं काही असतं की नाही?

सलमान रश्दी यांच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन' (१९८१) मध्ये मुंबईतला विल्यम मेथवोल्ड आपले बंगले एका अटीवर विकतो: सामान हलवायचं नाही, आणि ताबा १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री. तोवर राहायला आलेली कुटुंबं कुरकुरत त्याच्या पंख्यांखाली, त्याच्या पक्ष्यांसोबत राहतात. हळूहळू संध्याकाळी सहाला बागेत पेये घेऊ लागतात, आणि तो आला की त्यांचे उच्चार आपोआप ऑक्सफर्डचे होतात. मेथवोल्डच्या केसांचा मधोमध भांग बायकांना भुरळ घालणारा. निघायच्या दिवशी तो डोक्याला हात लावतो आणि केस हातात येतात. टोप होता.

नकलेचं मूळही बेतलेलं निघालं. एवढं पाहिल्यावर अस्सलपणाचा शोध मी तरी सोडून दिला.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

अचेबेंच्या 'नो लाँगर ॲट ईझ'पासून. लहान आहे, सरळ आहे. नंतर 'नर्व्हस कंडिशन्स', मग सालेह. नायपॉल थोडे उशिरा घ्या. तो कोरडा आवाज सुरुवातीला अंगावर येतो. भाभांचा निबंध किमान दोन कादंबऱ्या झाल्याशिवाय उघडू नका.

'नर्व्हस कंडिशन्स' वाचताना तांबूच्या आईकडे लक्ष ठेवा. तिच्या वाट्याला फार थोडी पानं आली आहेत. मुलगा मिशनला जाऊन परतला तो मेलेलाच, आता मुलगीही निघाली. न्याशाच्या दुखण्याची बातमी येते तेव्हा बाकीचे कारणं शोधत असतात. आई म्हणते, हे त्या इंग्रजपणामुळे झालं, सांभाळलं नाही तर तो सगळ्यांना मारून टाकील. तांबू ते ऐकते, मनातून हादरते, आणि तरीही शाळेत परत जाते.